भर वैशाखात, सायकलवरून

सायकल चालवायची तर मे महिन्यात! गेले काही आठवडे मी भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे. भाजीवाल्या मावशींना सांगितलं, ऑफिसात सांगितलं, लिफ्टमध्ये भेटलेल्या शेजाऱ्यांना तळमजला येईपर्यंत सांगितलं. लोक आधी माझ्याकडे बघतात, मग खिडकीबाहेरच्या उन्हाकडे. त्यांना जे वाटतं तेच मलाही इतकी वर्षं वाटत होतं. उन्हाळा म्हणजे पडदे ओढून, पंख्याखाली पडून काढायचे दिवस. आणि याच दिवसांत एवढं सगळं बाहेर चाललेलं असतं! एका दिवसात चार-चार हवा! घाटाच्या पायथ्याशी रात्रभर ऊब धरून बसलेला खडक, माथ्यावर अंगावर काटा आणणारा वारा, पलीकडे उतरलं की कोकणातली फणसाच्या वासाची जड, चिकट हवा आणि दुपारी चारच्या सुमाराला डोक्यावर कोसळणारा वळीव. काचा वर करून, एसी लावून गेलात तर यातलं काही म्हणजे काही कळत नाही. सायकलवर ते सगळं कातडीला कळतं.

आमचा गट हौशी लोकांचा. सत्तरीला टेकलेले एक काका, कॉलेजात जाणारा माझा भाचा, बँकेत काम करणारी मैत्रीण आणि मी. सायकलवर अचाट पराक्रम करणारी माणसं महाराष्ट्रात आहेत. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 मध्ये दोघांचा संघ करून ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, 2017 मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्यानं पार केली, पुण्याची वेदांगी कुलकर्णी 2018 मध्ये सायकलवरून जग फिरून आली. या माणसांबद्दल मला अपार आदर आहे. आमचं सायकल चालवणं मात्र वेगळ्या जातीचं. रविवारी पहाटे निघायचं, वाटेत मिसळ खायची, ऊन चढायच्या आत घरी यायचं. होळी झाली की सायकलींवर चादर घालायची आणि दसऱ्याच्या आसपास ती काढायची, हा आमचा शिरस्ता.

यंदा तो मोडला काकांमुळे. ते पाटबंधाऱ्यांच्या कामातून निवृत्त झालेले, त्यांना नद्यांचं वेड. एका रविवारी त्यांनी टेबलावर नकाशा पसरला आणि महाबळेश्वरवर बोट ठेवलं. ‘‘कृष्णा इथून निघते आणि चौदाशे किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. सावित्रीसुद्धा इथूनच निघते. ती पश्चिमेला उडी मारते आणि शंभर किलोमीटरच्या आसपास अरबी समुद्र गाठते. कृष्णेच्या काठावरून चढू, सावित्रीच्या सोबतीनं उतरू.’’

‘‘पण काका, मे महिन्यात?’’ मैत्रीण म्हणाली.

‘‘मे महिन्यातच! पावसाळ्यात धुकं, हिवाळ्यात गवत. नदीनं दगड कसा कापलाय ते बघायचं तर तिच्यात पाणी नसताना जायला हवं.’’

झालं! सायकली टेम्पोत टाकून आम्ही वाईला पोहोचलो.

वाईतून अंधारातच निघालो. ढोल्या गणपतीच्या घाटावर एक-दोन बायका धुणं घेऊन आल्या होत्या, कृष्णेचं पाणी पायऱ्यांपासून बरंच लांब गेलं होतं. हवा सुखद गार होती, आणि मला वाटलं होतं की पसरणीचा घाट चढायला लागलो की ती आणखी गार होत जाईल. उलटंच झालं! पसरणी गाव मागे पडलं (शाहीर साबळे यांचं हे जन्मगाव, घाटाच्या अगदी पायथ्याशी), दोन वळणं चढलो आणि अचानक गालाला ऊब लागली. पुढच्या वळणाला आणखी ऊब. मी थांबून हात पुढे केला तर डावीकडच्या कातळातून धग येत होती. आदल्या दिवशीचं ऊन त्यात अजून शिल्लक होतं.

काकांनी तिथेच, दम खाता खाता समजावून सांगितलं. रात्री आकाश निरभ्र असलं की जमीन भराभर निवते, तिला लागून असलेली हवाही निवते, थंड हवा जड, म्हणून ती उतारावरून ओघळत खोऱ्यात जाऊन साचते. वाई त्या साचलेल्या गारव्याच्या तळाशी. आम्ही तो थर भेदून वर, उबदार हवेत आलो होतो. आणि खरंच, खाली पाहिलं तर वाईच्या चुलींचा धूर एका ठरावीक उंचीपर्यंत चढून आडवा पसरला होता. हवेला थर असतात हे भूगोलाच्या पुस्तकात वाचलं होतं, पण त्या थराच्या पृष्ठभागातून डोकं बाहेर काढण्याचा अनुभव! मी एवढी हरखले की पुढचे दोन किलोमीटर चढ जाणवलाच नाही.

मग तो जाणवला. वाई ते पाचगणी रस्ता बारा-तेरा किलोमीटरचा, त्यात पावणेसहाशे मीटरच्या आसपास चढायचं. म्हणजे शंभर मीटर पुढे गेलात की पाचेक मीटर वर. आकडा किरकोळ वाटतो, मांड्यांना वाटत नाही. इथे गिअरचं खरं मोल कळलं. पुढे सगळ्यात लहान चकती, मागे सगळ्यात मोठी, आणि पाय हलके, भराभर फिरवत राहायचे. जड गिअरवर उभं राहून रेटलं की पहिले दोन किलोमीटर मर्दुमकी वाटते, पाचव्या किलोमीटरला पोटरीत गोळा येतो. उन्हाळ्यात चढावर आणखी एक गोष्ट होते. सपाटीवर आपल्याच वेगाचा वारा अंगावर येतो आणि घाम वाळवतो. चढावर ताशी सात-आठ किलोमीटरनं तो वारा बंद. घाम नाकाच्या टोकावरून थेंब थेंब हँडलवर पडतो. मग वळण येतं, दरीकडची बाजू उघडते, वाऱ्याची झुळूक लागते आणि ओला शर्ट पाठीला एकदम बर्फासारखा गार लागतो. दर वळणावर हे सुख! त्या झुळकेसाठी मी पुढचं वळण गाठायला लागले.

सूर्य आला सहाच्या सुमाराला. धोमच्या जलाशयाच्या दिशेनं डोंगराच्या कडा आधी जांभळ्या, मग पिवळ्या झाल्या. पाचगणीच्या अलीकडे हवा पुन्हा गार झाली, आणि या वेळचा गारवा उंचीचा होता. कोरडा, हलका, नाकात निलगिरीचा वास घेऊन आलेला.

पाचगणी ते महाबळेश्वर या रस्त्याबद्दल फार लिहीत नाही. सुटीतल्या गाड्यांची रांग, भाजलेली कणसं, जॅमची दुकानं. पाचगणीच्या पठारावर मात्र सायकल हातात धरून चालले. पायाखाली जांभा, लालसर, भोकं भोकं पडलेला. हे वाक्य लक्षात ठेवा, हाच दगड पुढे खाली कोकणात पुन्हा भेटला तेव्हा मी ओरडलेच.

क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पाणी येतं, तेही मे महिन्यात! वर वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तो डोंगराच्या पोटात मुरतो आणि भर उन्हाळ्यात असा झिरपत राहतो. कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री, सावित्री. मी ओंजळभर पाणी प्यायले. पुढे आर्थर सीटला गेलो तेव्हा पायाखाली सावित्रीचं खोरं उघडलं आणि आमच्यातलं कुणी बराच वेळ बोललं नाही. एका बाजूला जोर गावाचं उथळ, हिरवं खोरं, ते कृष्णेचं. दुसऱ्या बाजूला सावित्रीचा सरळ कापलेला कडा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक, आणि पाणी नसल्यानं प्रत्येक थर मोजता येईल इतका स्पष्ट. काका म्हणाले होते ते शब्दन् शब्द खरं निघालं. त्या रात्री आम्ही मे महिन्यात पांघरुणं घेऊन झोपलो.

आता आंबेनळी. अहो, काय सांगू! आंबेनळी घाट सायकलवरून उतरला नसेल तर सह्याद्री बघायचा राहिला आहे, असं मी आता छातीठोकपणे म्हणते. महाबळेश्वर ते पोलादपूर चाळीस किलोमीटर. वरचं गाव साडेतेराशे मीटरच्या वर, खालचं जवळजवळ समुद्रसपाटीला. आम्ही उजाडताच निघालो. भाच्याच्या हँडलवरचं यंत्र बावीस अंश दाखवत होतं आणि आम्ही विंडचीटर घातले होते, मे महिन्यात!

सुरुवातीला रस्ता बुटक्या, दाट झाडीतून जातो. जांभूळ, हिरडा, अंजनी. फांद्यांनी वर छत धरलेलं, खाली ओलसर सावली. कुठल्याशा ओढ्याच्या घळीतून शीळकरी कस्तूराची शीळ आली. हा पक्षी माणसानं सहज वाजवावी तशी शीळ घालतो, सूर लागतोय न लागतोय अशी. भाचा थांबून इकडेतिकडे बघत राहिला, ‘‘मावशी, कोण वाजवतंय?’’ त्याला सांगितलं तरी पटेना. पुन्हा शीळ आली तेव्हा त्यानं सायकल आडवी टाकली आणि कठड्यावर बसून ऐकत राहिला. सायकलला आवाज नसतो, म्हणून हे ऐकू येतं.

रस्ता आधी कोयनेच्या खोऱ्याच्या बाजूनं वाडा कुंभरोशीला येतो. तिथून प्रतापगडाचा फाटा फुटतो. गड पाणलोटाच्या कण्यावर बसलेला आहे, एका अंगाला जावळी, दुसऱ्या अंगाला कोकण, आणि 10 नोव्हेंबर 1659 ला इथे जे घडलं त्यात या जागेचा केवढा वाटा होता हे शाळेत पाठ केलं होतं तरी सायकलवर कळलं. हे चढ, ही झाडी, हे एकामागून एक येणारं आंधळं वळण. इथे मोठं सैन्य घेऊन यायचं म्हणजे काय होत असेल! इतिहास पायांना कळतो, हे मी तिथे शिकले.

खिंड ओलांडली आणि खरा उतार सुरू झाला. उतारावर ब्रेक एकसारखे दाबून धरायचे नाहीत. दाबायचे, सोडायचे, दाबायचे, सोडायचे, वळणाच्या आधी वेग मारायचा आणि वळणात चाक मोकळं ठेवायचं. रिमला घासणारे ब्रेक असतील तर भर उन्हात लांब उतारावर रिम इतकी तापते की ट्यूब फुटू शकते. म्हणून आम्ही थांबत थांबत उतरलो आणि थांबत थांबत उतरल्यामुळेच ती सगळ्यात भारी गोष्ट सापडली. दर थांब्यावर हवा वेगळी! पहिल्या थांब्यावर विंडचीटर निघाले. दुसऱ्या थांब्यावर करवंदाच्या जाळ्या. काळी, पिकलेली, चिकानं बोटं चिकट करणारी करवंदं, आम्ही हावरटासारखी खाल्ली. तिसऱ्या थांब्यावर कानात दडे बसले, आवंढा गिळला तसे सुटले आणि एकदम सगळे आवाज मोठे झाले. तांबटाचं टुक-टुक-टुक, वाळलेल्या पानांवर सरड्याची पळापळ. चौथ्या थांब्यावर पिकल्या फणसाचा वास, गोड, इतका दाट की घशात बसावा. आणि मग, कोणत्या वळणावर ते सांगता येणार नाही, पण एका वळणावर हवेनं अंगाला हात लावला. ओली हवा! समुद्र अजून कितीतरी लांब होता, पण त्याची वाफ डोंगराच्या पायथ्यापर्यंत येऊन उभी होती. पोलादपूरला यंत्रावर चौतीस. चाळीस किलोमीटरमध्ये बारा अंश! हजार मीटर उतरलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी तापते हा हिशेब काकांनी सांगितला, उरलेले अंश चढत्या सूर्याचे.

पोलादपूर ते महाड हा महामार्ग. कडेनं, एकामागे एक, मान खाली घालून चाललो. उजेड पांढरा, डांबर मऊ. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात महाडच्या अक्षांशावर सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. आम्ही थांबलो तेव्हा सायकलीची सावली सायकलीच्या खालीच पडली होती. हँडलची सावली हँडलखाली, पॅडलची पॅडलखाली, बाहेर काही सांडलेलंच नाही. भाच्यानं बाटली उभी ठेवली तर तिच्याभोवती सावलीची नुसती एक कड. आम्ही चौघं रस्त्याकडेला वाकून त्या कडेकडे बघत होतो आणि एक टेम्पोवाला थांबून विचारता झाला, ‘‘काय पडलं का ताई?’’ त्यालाही दाखवलं. तोही उतरून आपली सावली शोधायला लागला!

महाडला चवदार तळ्यावर गेलो. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथलं पाणी ओंजळीत घेतलं. सकाळपासून दर वीस मिनिटांनी बाटली तोंडाला लावणारे आम्ही, घशाला कोरड पडणं म्हणजे काय ते त्या दिवशी नीट ठाऊक असलेले. अशा उन्हात माणसाला पाण्यापासून अडवणं ही काय गोष्ट होती ते त्या काठावर उभं राहिल्यावर पोटात ढवळून आलं. काकांनी टोपी काढली. आम्ही बराच वेळ तिथे होतो.

दुपार काढली गंधारपाल्याच्या लेण्यांत. महाडजवळच, महामार्गाला लागून असलेल्या डोंगरात. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी खोदलेली बौद्ध लेणी, वर जायला पायऱ्या. सायकली खाली एका घरी ठेवल्या. त्या घरच्या आजींनी आम्हाला आधी खालून वरपर्यंत न्याहाळलं, ‘‘एवढ्या उन्हाचं कशाला गो बाहेर पडलात?’’ म्हणून रागावल्या आणि मग माठातलं पाणी आणि कोकम सरबत दिलं. सरबतात मीठ-जिरं व्यवस्थित, आणि हेच उन्हाळी सायकलस्वाराचं औषध आहे. नुसतं पाणी पीत राहिलं की घामावाटे गेलेलं मीठ भरून येत नाही, डोकं दुखायला लागतं, पोटऱ्या वळतात. लिंबू, मीठ, साखर, कोकम, ताक, जे मिळेल ते प्यावं, आणि तहान लागायच्या आधी प्यावं. मी शर्ट वाळवायला टाकला तर पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटले होते.

आणि लेण्याच्या आत! बाहेर डोळे उघडवत नाहीत असा उजेड, आत पाऊल टाकलं की थंड दगड. मी ओट्यावर आडवी झाले, गाल दगडाला लावला. भिक्षूंनी पावसाळ्यात राहण्यासाठी खोदलेल्या या खोल्या उन्हाळ्याच्या दुपारी केवढ्या सुखाच्या असतील! खाली सावित्रीचं पात्र लखलखत होतं. आता साडेतीनपर्यंत सायकलला हात लावायचा नाही, असं ठरलं. ऊन अंगावर घ्यायचं म्हणजे उन्हाशी भांडायचं असं मुळीच नाही. पहाट आणि संध्याकाळ आपली, दुपार सूर्याची.

साडेतीनला निघालो, दासगाव करून टोळ फाट्याला महामार्ग सोडला आणि आंबेतच्या रस्त्याला लागलो. डावीकडे सावित्री आता नदी राहिली नव्हती, खाडी झाली होती. रुंद, मचूळ, काठाला खारफुटी. मागे सह्याद्रीवर ढग चढत होते. आधी पांढरे, मग तळाला निळसर, मग शाईसारखे. दिवसभर तापलेल्या डोंगरावरून हवा वर उठते, समुद्रावरची ओल तिला मिळते आणि दुपार कलता कलता तिचा असा मनोरा उभा राहतो. वारा पडला. पानही हलेना. मग मागून एक गार लोंढा आला, रस्त्यावरची पानं, कागद, धूळ, सगळं आम्हाला ओलांडून पुढे पळालं, आणि काका ओरडले, ‘‘आला रे!’’

वळीव! पहिले थेंब एवढे टपोरे की डांबरावर पडल्याचा टप्पकन आवाज यावा. हेल्मेटवर टकटक. हाताच्या तापलेल्या कातडीवर थेंब पडला की चटका बसल्यासारखं होतं, इतका तो गार. आणि मग तो वास. मातीचा. मातीत जिवाणू जे तयार करत असतात ते पहिल्या सरीनं हवेत उधळलं जातं, हे विज्ञान झालं. माझं काय झालं ते सांगते. मी हँडल धरून, तोंड उघडं टाकून, जिभेवर पाऊस घेत सायकल चालवत होते आणि मोठमोठ्यानं हसत होते. मैत्रीण माझ्या शेजारी तेच करत होती. दिवसभराची धूळ, घाम, मीठ, सगळं अंगावरून वाहून निघालं.

विजा जवळ आल्या तेव्हा मात्र थांबलो. वळवात विजेशी खेळ नाही. झाडाखाली उभं राहायचं नाही, माळावर राहायचं नाही, पक्क्या छपराखाली जायचं. एका बंद दुकानाच्या पडवीत पाऊण तास काढला. पहिल्या पावसात रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ मिळून निसरडं होतं, म्हणून नंतर टायरातली थोडी हवा सोडली, पकड वाढते. वाळत्या रस्त्यावरून वाफ उठत होती, कडेच्या गटारांतून लाल पाणी धावत होतं. लाल! जांभा! पाचगणीच्या पठारावर पायाखाली होता तो दगड. डोंगराच्या माथ्यावर जांभा, मधल्या कड्यात काळा बेसाल्ट, आणि इथे खाली घरांच्या भिंती, कुंपणं, विहिरीचे कठडे, सगळं पुन्हा जांभ्याचं. माथ्यापासून पायथ्यापर्यंतचा सगळा दगड आमच्या चाकांखालून गेला होता.

म्हसळ्याच्या अलीकडे अंधार पडला. एका उतारावर काकांनी पुढचा दिवा विझवला आणि आम्हालाही विझवायला लावला. रस्त्याच्या कडेच्या झाडात काजवे. आधी चार-पाच, मग डोळे अंधाराला सरावले तसं अख्खं झाड. सगळे मिळून लागायचे, सगळे मिळून विझायचे. मे महिना, वळवाची एखादी सर, ओला अंधार, एवढं जुळलं की हे दिसतं. हिवाळ्यात सायकल चालवणाऱ्याला कुठून दिसणार?

म्हसळ्याला मुक्काम केला. सकाळी घरगुती खाणावळीतल्या काकूंनी घावन आणि नारळाचा रस असा भरभक्कम नाश्ता दिला, त्यामुळे निघायला उशीर झाला आणि त्यामुळे खाऱ्या वाऱ्यांशी गाठ पडली. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा आत येतो. म्हसळा ते श्रीवर्धन तो वारा समोरून! उतारावरसुद्धा पॅडल मारावं लागत होतं. त्यात कोकणातले रस्ते. घाट एकदाच चढायचा असतो, हे रस्ते दिवसभर थोडं थोडं चढवतात आणि थोडं थोडं उतरवतात. आम्ही ओळीनं, चाकामागे चाक लावून चाललो. पुढचा वारा फोडतो, मागच्यांना आडोसा मिळतो, दर काही मिनिटांनी पुढचा मागे येतो. भाच्यानं जास्त वेळ पुढे राहायचा हट्ट धरला. आणि त्या वाऱ्यानं दिलं काय, तर घाम वाळवला. ऊन तेवढंच, दमटपणा तेवढाच, तरी अंग कोरडं. मग वाऱ्यात मिठाचा वास आला.

श्रीवर्धन. भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचं गाव, रोठा सुपारीचं गाव. पोफळीच्या वाडीत शिरलो तर हवा पाच-सहा पावलांत बदलली. वर झावळ्या, खाली पाटाचं पाणी, मध्ये हिरवा उजेड. माझ्या या चार-चार हवांच्या उन्हाळ्यात ही आणखी एक! पुढे हरिहरेश्वरच्या वाटेवर समुद्र डाव्या-उजव्या वळणांतून येत-जात राहिला.

आणि बागमांडला. धक्क्यावर फेरीबोट लागली होती. पलीकडे वेसवी, तिकडे रत्नागिरी जिल्हा, बाणकोटचा किल्ला टेकडीवर. मधलं पाणी सावित्रीचं. मोटारी, दुचाक्या, आंब्याच्या पेट्या आणि आमच्या चार सायकली. भाच्यानं कठड्यावरून वाकून पाण्यात हात घातला आणि चाखून बघितलं, ‘‘खारं!’’ गोमुखातली ओंजळ आठवली. बोटीवरच्या खलाशानं विचारलं, ‘‘कुठून आलात?’’ काका म्हणाले, ‘‘या नदीच्या उगमापासून.’’ तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘‘ती महाबळेश्वराची ना? मी नाही बघितला कधी उगम. सायकलीनं जमतं?’’

जमतं! पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या मला जमलं, सत्तरीच्या काकांना जमलं. साधी गिअरची सायकल, थोडे रुंद टायर, दोन बाटल्या, दोन जादा ट्यूब, पंप, पुढेमागे दिवे, डोक्याला हेल्मेट आणि खाली पातळ सुती फडकं. रक्तदाब, हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांना विचारून. घाटावर राहणाऱ्यांनी दमट हवेची सवय व्हायला पहिले काही तास सावकाश काढावेत.

बोटीवरच काकांनी नकाशा पुन्हा उघडला. आता त्यांना वाशिष्ठी हवी आहे. कुंभार्ली घाटातून उतरायचं, चिपळूणला मुक्काम, खाडीच्या काठाकाठानं दाभोळ, तिथे धोपाव्याला जाणारी फेरीबोट. मैत्रिणीनं रजेचा अर्ज टाकला आहे, भाच्याची परीक्षा संपते आहे. मान्सून कोकणात यायचा तो जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे अजून जरा वेळ आहे. आमच्यात एका सायकलची जागा रिकामी आहे. कुणाला यायचं असेल तर पहाटे साडेचारला उठायची तयारी ठेवा.